वाचकांचे प्रश्न : मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला एरोस्पेसमध्ये वाव आहे का?

प्रश्न : मी मेकॅनिकल अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शिरोली औद्योगिक वसाहतीत वडिलांचे लहानसे वर्कशॉप असून दहावीनंतरच्या प्रत्येक सुट्टीत मी तेथे लेथवर (धातू फिरवून कातण्याच्या यंत्रावर) काम शिकत आलो आहे. २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा संपर्क अखेरच्या टप्प्यात तुटला, तेव्हापासून या क्षेत्राची ओढ लागली. मला एरोस्पेसमध्ये एम.टेक. करावयाचे आहे, परंतु माझी शाखा वेगळी आहे, आणि अर्जासोबतच्या निवेदनात वर्कशॉपचा उल्लेख करू नये, त्याने छाप पडत नाही, असे मित्र सांगतात. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक विद्यार्थी, जि. कोल्हापूर

उत्तर : शाखेची चिंता सोडा. इस्रोच्या ‘शास्त्रज्ञ/अभियंता’ पदांच्या भरतीत मागणी मुख्यतः इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स याच शाखांना असते. अट ६५ टक्के गुणांची किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीएची असते, तेव्हा उरलेल्या सत्रांत गुण घसरू देऊ नका. एम.टेक. प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेत मेकॅनिकलबरोबर एरोस्पेसचा पेपरही देता येतो. त्यासाठी वायुगतिकी आणि उड्डाणयांत्रिकी मात्र तुम्हाला स्वतः बसून शिकावी लागेल. भारताच्या रॉकेटच्या घन इंधनाच्या विकासात ज्यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते ते वसंत गोवारीकर रसायन अभियांत्रिकीतून आले होते, हेही मित्रांना सांगा.

वर्कशॉपचा उल्लेख टाळण्याचा मित्रांचा सल्ला मला मुळीच पटला नाही. लेथच्या तीन जॉच्या (जबड्यांच्या) चकमध्ये, म्हणजे पकडीत, पातळ भिंतीचा जॉब (घडवायचा पोकळ तुकडा) घट्ट आवळून बोअर केला, म्हणजे आतून कातला, की चकमध्ये असेपर्यंत तो अचूक गोल असतो आणि चक सैल करताच किंचित तिकोनी होतो, हे तुम्ही पाहिले असेलच. दोनच बिंदूंवर टेकणाऱ्या बोअर गेजने (आतला व्यास मोजण्याच्या साधनाने) तो तिकोनीपणा पकडता येत नाही, कारण कोणत्याही दिशेने धरले तरी व्यास जवळपास तेवढाच भरतो. १९८६ मधील अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघाताच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी नेमका हाच मुद्दा काढला होता : बूस्टरचे (यानाला जोर देणाऱ्या रॉकेटचे) पुन्हा वापरायचे भाग गोल आहेत की नाहीत हे तीन व्यास मोजून ठरवले जात होते, आणि तीन व्यास सारखे भरले म्हणून आकार वर्तुळ असतोच असे नाही. अपघाताचे कारण ते नव्हते. थंडीत ताठरलेली रबरी सील-कडी हे होते. तरीही ज्याने हा दोष स्वतःच्या हातातील जॉबवर पाहिला आहे, त्याला फाइनमन यांचे म्हणणे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

म्हणून निवेदनात चांद्रयानाला एक ओळ पुरे. ती रात्र हजारो अर्जांत असणार. तुमच्या एखाद्या जॉबचे मात्र सविस्तर वर्णन करा : धातू कोणता, भिंतीची जाडी किती, चूक कशी लक्षात आली आणि सॉफ्ट (मऊ धातूचे) जॉ वापरून किंवा पकड बदलून ती किती मायक्रॉनपर्यंत आटोक्यात आली. आकडे वर्कशॉपच्या वहीतून घ्या, अंदाजाने लिहू नका.

दिशा निवडतानाही याच अनुभवाचा विचार करा. तुमचा कल मला संरचना, पदार्थ आणि निर्मितीकडे दिसतो, आणि त्या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. पुढे त्यांच्याच नावाच्या वालचंदनगरमध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याची, २.८ मीटर व्यासाची मोटर केसिंग (इंधनाभोवतीचे कवच) तयार होऊ लागली. मॅरेजिंग या अतिशय मजबूत पोलादाच्या एवढ्या मोठ्या पण पातळ नळकांड्याची गोलाई राखणे म्हणजे तुमच्याच प्रश्नाचे मोठे रूप आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत सुखोई-३० लढाऊ विमाने तयार झाली आणि आता तेजस या लढाऊ विमानाचे कामही चालते. खासगी क्षेत्रात चेन्नईच्या अग्निकुल या रॉकेट कंपनीने मे २०२४ मध्ये त्रिमितीय छपाईने एकसंध बनवलेल्या रॉकेट इंजिनाचे उड्डाण केले. अशा कंपन्यांना यंत्रावर हात बसलेला अभियंता हवाच असतो.

अमेरिकेत शिक्षण घेण्याचा विचार असल्यास एवढे ध्यानात ठेवा, की तेथील निर्यात-नियंत्रण कायद्यामुळे रॉकेटशी संबंधित बहुतेक नोकऱ्या नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरत्याच मर्यादित राहतात. शिक्षण मिळाले तरी नोकरी मिळेलच असे नाही.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी पातळ नळकांड्यांच्या पकडीचा विषय घ्या आणि त्याबाबत मार्गदर्शक प्राध्यापकांशी याच सत्रात बोला. चाचणीचे जॉब वडिलांच्या लेथवर करता येतील. गोलाई मोजण्याचे यंत्र महाविद्यालयात नसेल, तर वसाहतीतील एखाद्या मापन प्रयोगशाळेत चौकशी करा.