जुनी हार्ड डिस्क हाताळताय? आधी इंटरलीव्ह समजून घ्या

एमएफएम (डेटा नोंदवायची एक जुनी पद्धत) डिस्कचं चालू मशीन हाती लागलंय, अभिनंदन! बाकीच्या तांत्रिक गोष्टी सध्या बाजूला ठेवा. सुरुवातीला इंटरलीव्ह, म्हणजे डिस्कवरच्या सेक्टरांना मध्ये जागा सोडून क्रमांक देणं, कळला की बरंच काम झालं.

ही डिस्क मिनिटाला ३६०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला साधारण १७ मिलिसेकंद. एका ट्रॅकवर, म्हणजे डिस्कवरच्या एका वर्तुळावर, सेक्टर (डेटाचे तुकडे) १७. मंद कंट्रोलर (डिस्क चालवणारं कार्ड) एक सेक्टर वाचून मेमरीत पोचवेपर्यंत शेजारचा सेक्टर वाचणाऱ्या हेडखालून निघून गेलेला असतो. मग तो परत येईपर्यंत अख्खा फेरा थांबायचं! म्हणून सेक्टरांना ओळीने क्रमांक न देता मध्ये जागा सोडून देत. ३:१ इंटरलीव्हला क्रमांक २ हा १ पासून तिसऱ्या जागेवर असतो, आणि पूर्ण ट्रॅक ३ फेऱ्यांत वाचून होतो. कंट्रोलरला झेपत नसताना १:१, म्हणजे ओळीने क्रमांक, ठेवलं, तर त्याच ट्रॅकला १७ फेरे लागतात. इतकी साधी, इतकी देखणी युक्ती मी क्वचितच पाहिली आहे.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- डेटा दुसरीकडे न उतरवता लो-लेव्हल फॉरमॅट (सेक्टर नव्याने आखणं) करणं. इंटरलीव्ह बदलायला तो लागतो आणि त्यात सगळं पुसलं जातं.
- डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बफर्स (डिस्कच्या डेटासाठी राखलेले मेमरीचे तुकडे) वाढवत सुटणं. २० पुरतात.
- स्मार्टड्राइव्ह या डॉसच्या कॅश प्रोग्रामचं राइट कॅशिंग (लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवणं) चालू असताना थेट मशीनचं बटण बंद करणं. मेमरीत थांबलेला मजकूर डिस्कवर पोचतच नाही. आधी स्मार्टड्राइव्हला ‘/सी’ (/C) हा आदेश देऊन कॅश रिकामा करा, मगच वीज तोडा.

कंट्रोलर कोणता आहे ते कळवा, पुढचं आपण मिळून बघू.