जँगोमध्ये (पायथन भाषेत संकेतस्थळे बनवण्याच्या चौकटीत) पुन्हा पुन्हा वापरता येईल असा पायाभूत प्रकल्प कसा तयार करावा?
बेळगाव, खानापूर, निपाणी येथील दुकानदारांसाठी दर वेळी शून्यापासून सुरुवात करावी लागू नये, असा आपला हेतू दिसतो. सर्वांत आधी स्वतःचे यूझर मॉडेल (वापरकर्त्याची माहिती साठवण्याचा आराखडा) लिहून सेटिंग्जमध्ये नोंदवावे, कारण पहिले मायग्रेशन (डेटाबेसमध्ये तक्ते तयार करण्याची पायरी) झाल्यावर ते बदलणे फार किचकट ठरते. हे काम मी तरी कधीच पुढे ढकलत नाही. आपल्या भागात मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषा लागणारच (ग्राहक सुरुवातीला काहीही म्हणो), म्हणून सेटिंग्जमधील मिडलवेअरच्या (प्रत्येक विनंतीवर चालणाऱ्या कोडच्या) यादीत भाषा ठरवणारे लोकेल मिडलवेअर सेशन मिडलवेअरनंतर आणि कॉमन मिडलवेअरच्या आधी ठेवावे व पडद्यावरचा सर्व मजकूर पहिल्या दिवसापासून गेटटेक्स्टमध्ये (भाषांतरासाठी मजकूर चिन्हांकित करणाऱ्या फंक्शनमध्ये) गुंडाळावा. सीक्रेट की (जँगो सुरक्षेसाठी वापरते ती गुप्त किल्ली) कोडमध्ये न लिहिता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर ठेवलेल्या मूल्यातून, घ्यावी. त्यानंतर स्टार्टप्रोजेक्ट या कमांडला टेम्पलेट पर्यायातून या पायाभूत प्रकल्पाच्या फोल्डरचा मार्ग दिला की नवा प्रकल्प तयार होतो.