१६ जीबीची एकच रॅम स्टिक की ८-८ च्या दोन? गेमिंगला फरक पडतो का, आणि तो घरी कसा तपासायचा?

तुम्ही लिहिलंय की मशीन रायझन ५ ५६००जी चं आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, १६ जीबीची एकच स्टिक आहे आणि जीटीए ५ अडखळतो. राजारामपुरीतला दुकानदार म्हणतो, "जीबी तेवढेच, फरक पडत नाही." पडतो, भावा. आणि तुमच्यासारख्या मशीनवर तर सगळ्यात जास्त पडतो.

५६००जी मधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही. प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघंही एकाच रॅममधून डेटा ओढतात. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते. दोन चॅनेल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसरमधले डेटाचे दोन रस्ते, चालू झाले की ५१.२. जीबी म्हणजे जागा, तुमची अडचण वेगाची आहे.

तरी माझ्या शब्दावर पैसे घालू नका, मोजून बघा. एखाद्या मित्राकडून ८-८ ची जोडी एका रात्रीपुरती मागून आणा. तुमच्या स्टिकशेजारी आणखी १६ ची लावली तर एकूण ३२ होतील आणि फरक चॅनेलचा की जागेचा, हे कळणारच नाही. दोन्ही वेळा स्पीड आणि टायमिंग (रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते त्याचे आकडे) एकच ठेवा.

चार स्लॉटचा बोर्ड असेल तर बहुतेक वेळा प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो. शाहूपुरीतल्या एका मित्राच्या पीसीत दोन्ही स्टिक शेजारशेजारी बसवल्या होत्या. दोन स्टिक असून मशीन एकाच चॅनेलवर चालत होतं. सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममधल्या मेमरीच्या टॅबवर हे लगेच दिसतं. तिथंच फ्रिक्वेन्सी साधारण १६०० दिसली तर घाबरू नका, डीडीआर मध्ये ती निम्मी दिसते, म्हणजे रॅम ३२०० वरच आहे. १०६६ दिसली तर मात्र बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारी सेटिंग, चालू करा. तो फुकटचा फायदा आधी घ्या.

जीटीए ५ मध्येच बेंचमार्क, म्हणजे वेग मोजायची ठरलेली चाचणी, आहे. सेटिंग्ज न बदलता तो चालवा. पहिली फेरी सोडून द्या, पुढच्या तिन्हींमधला मधला आकडा धरा. कॅपफ्रेमएक्स हा फ्रेम मोजणारा प्रोग्राम लावून सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बरोबर '१ टक्का लो', म्हणजे सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा आकडा, नक्की बघा, कारण गाडी वळवताना बसणारा झटका सरासरीत दिसत नाही. एक चाचणी एप्रिलच्या भर दुपारी आणि दुसरी रात्री, असं मात्र करू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिप तापली की आकडे रॅममुळे बदलले की उकाड्यामुळे, ते सांगता येत नाही.

पुढे वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलंत तर १०८० पी हाय सेटिंगवर सरासरी फारशी हलणार नाही, तिथं कार्डच आधी दमतं. तेव्हा रॅमचा फरक बघायचा तर रिझोल्यूशन खाली आणून मोजा.

मोजून पटलं की दुसरी स्टिक शक्यतो त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची घ्या. वेगळी लावली तर बहुधा दोन्ही हळू असलेल्या स्टिकच्या वेगानं चालतील. बसवल्यावर एक रात्र मेमटेस्ट८६ हा रॅममधल्या चुका शोधणारा प्रोग्राम लावून ठेवा. एकही एरर आली तर बिलासकट दुकानात परत.