वेगवेगळ्या डेटासेटमधल्या गुणधर्मांना सरसकट एकच नाव देऊन टाकलं तर चालेल का?

तुमचा प्रश्न असा, की चार ठिकाणांहून वनस्पतींचा डेटा गोळा केलाय, एकाच गुणधर्माला चार नावं आहेत, तर सगळीकडे एकच नाव टाकून फाइली जोडून मोकळं व्हावं का. माझ्या मते नाव बदलणं हे अगदी शेवटचं काम. आधी मोजलंय काय ते बघा.

स्पेसिफिक लीफ एरिया घ्या, म्हणजे पानाचं क्षेत्रफळ भागिले सुकं वजन. कुणी 'एसएलए' लिहितं, कुणी पूर्ण नाव, ते किरकोळ. खरी गोम देठात आहे. देठामुळे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, वजन मात्र वाढतं, म्हणून देठ धरून मोजलं की आकडा खाली येतो. संयुक्त पान असेल तर अख्खं पान धरलं की एक पर्णिका, म्हणजे त्यातलं एकच छोटं पान, हे आणखी निराळं. 'ट्राय' या वनस्पती-गुणधर्मांच्या जागतिक डेटाबेसमध्ये म्हणूनच देठासह, देठाविना आणि 'उल्लेख नाही' असे वेगळे गुणधर्म ठेवलेत. पद्धत सापडली नाही तर नोंद बिनदिक्कत तिसऱ्यात टाका. अंदाजाने पहिल्या दोनांत ढकलली, तर पुढे कुणालाच पत्ता लागत नाही.

एखाद्या फाइलीत एसएलएचा व्यस्त, म्हणजे लीफ मास पर एरिया (सुकं वजन भागिले क्षेत्रफळ) असेल. रूपांतर सोपं आहे, पण ते एकेका नोंदीचं करा, सरासरीचं नको. दोन पानांचे आकडे ५० आणि १०० ग्रॅम प्रति चौ. मीटर असतील, तर एसएलए २० आणि १० चौ. मिमी प्रति मिग्रॅ, सरासरी १५. तेच आधी सरासरी ७५ काढून उलटवलं तर येतं १३.३. स्रोतात फक्त सरासरीच दिली असेल, तर तसा शेरा मारून ठेवा.

(प्राण्यांकडेही हेच. माशाची 'लांबी' शेपटीचा पंख सोडून (स्टँडर्ड), पंखाच्या खाचेपर्यंत (फोर्क) की पंखाच्या टोकापर्यंत (टोटल), हे न लिहिलेल्या आकड्याचं काय करायचं?)

आता प्रत्यक्ष काम. जुळणीचं एक वेगळं टेबल करा: मूळ नाव, मूळ व्याख्या, मूळ एकक, प्रमाण संज्ञा, तिचा कायमस्वरूपी आयडी, आणि मूळ नाव व प्रमाण संज्ञा यांतलं नातं. हे नातं लोक हमखास गाळतात. 'स्कॉस' या, वेगवेगळ्या शब्दसंग्रहांतल्या संज्ञा एकमेकींशी जोडण्याच्या मानकात तंतोतंत जुळणारी, जवळची, अधिक व्यापक, अधिक सीमित असे प्रकार आहेत, तेच वापरा. 'तंतोतंत' लिहिताना हात आखडता घ्या, बहुतेक जोड्या 'जवळची' यातच बसतात.

प्रमाण संज्ञा स्वतः घडवत बसू नका. वनस्पतींसाठी 'टॉप' हा व्याख्यांसकट शब्दसंग्रह २०१७ साली आला. फाइलीच्या मांडणीसाठी २०१९ चं इकॉलॉजिकल ट्रेट-डेटा स्टँडर्ड बघा. ते डार्विन कोअरशी, म्हणजे जैवविविधतेच्या नोंदींसाठीच्या मानकाशी, जुळवून घेतं आणि त्यात मूळ नाव, मूळ आकडा, मूळ एकक यांसाठी 'व्हर्बेटिम' (जसंच्या तसं) असे वेगळे कॉलम आहेत. ते कॉलम कितीही फालतू वाटले तरी उडवू नका.

वर्गवारीचे गुणधर्म मात्र एकाच दिशेने जुळतात. 'झुडूप' आणि 'वृक्ष' दोन्ही 'काष्ठीय'मध्ये टाकता येतात, पण ज्याने नुसतं 'काष्ठीय' लिहिलंय त्यातून झुडूप वेगळं काढता येत नाही. चारांतला एक स्रोत असा ढोबळ असेल, तर त्या गुणधर्मापुरतं विश्लेषण ढोबळ पातळीवर करा किंवा तो स्रोत तेवढ्यापुरता वगळा. मी वगळेन.