कार्डावर लाल स्टिकर लागलं, म्हणून खाट धरायची का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरीणबाईंची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. माझं वय 34, लग्नाला नऊ वर्षं झाली. दोन्ही नळ्या बंद निघाल्या म्हणून नागपूरला टेस्ट ट्यूब केलं. गोठवून ठेवलेलं पाच दिवसांचं एकच भ्रूण 20 नोव्हेंबरला सोडलं आणि राहिलं. आता पाचवा महिना संपतोय. बीपी, साखर बरोबर आहे, एचबी 10.8 आहे, सोनोग्राफीत बाळ चांगलं आणि वार वर आहे म्हणाले. तरी उपकेंद्रातल्या सिस्टरनं 'ट्रीटमेंटचं आहे' म्हणून कार्डावर लाल स्टिकर लावलं. तेव्हापासून सासूबाई खाटेवरून उठू देत नाहीत. 'हाललीस का गेलं सारं, पडून राय,' एवढंच त्यांचं चालू असतं. नणंद म्हणते टेस्ट ट्यूबचं सिझरच करावं लागते, आतापासून नागपुरात खोली करून राहा. रात्री घ्यायला 150 ची ॲस्पिरिन दिली आहे, तर मेडिकलवाला म्हणतो ही हार्टच्या पेशंटची गोळी, रक्त पातळ करते, बंद करा. आशाताई शेजारच्याच आहेत, त्या खोदून खोदून विचारतात, पण घरच्यांनी टेस्ट ट्यूबचं कोणाला सांगू नको म्हणून बजावलंय. सिस्टरनं पाळीची तारीख विचारली ती मी 24 ऑक्टोबर सांगितली. माझं बाळंतपण खरंच एवढं जोखमीचं आहे का?
– एक वाचक भगिनी, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, सुरुवात तुमच्या शेवटच्या वाक्यापासून करते, कारण सगळ्यात आधी दुरुस्त करायची गोष्ट तिथं आहे. ती आहे तारीख. 24 ऑक्टोबरच्या पाळीवरून सिस्टरनं कार्डावर 31 जुलै लिहिली असणार. नेहमीच्या बाईसाठी तो हिशेब बरोबर आहे, तुमच्यासाठी नाही. पाळी आल्यावर अस्तर जाड करण्याच्या गोळ्या तुम्हाला जास्त दिवस चालल्या असाव्यात, म्हणून भ्रूण 20 नोव्हेंबरला सोडलं. पाच दिवसांचं भ्रूण असलं की सोडलेल्या तारखेत 261 दिवस मिळवायचे. तुमची तारीख येते 8 ऑगस्ट. आठ दिवसांनी काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते शेवटी. जुलैच्या सुरुवातीला तुम्हाला कळा आल्या तर 36 आठवडे भरलेत की 35, यावर बाळाची सोय कुठं करायची ते ठरतं. ऑगस्ट उजाडला की 'दिवस उलटून गेले' म्हणून कोणी कळांची औषधं सुरू करेल, आणि तुमचे दिवस अजून भरलेलेच नसतील. नैसर्गिक दिवस गेलेल्या बाईची तारीख अंदाजाची असते. तुमची तारीख दिवसावर पक्की आहे, आणि तीच कार्डावर चुकीची आहे. नागपूरच्या फाइलमधल्या ट्रान्सफरच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढा आणि सिस्टरला दाखवा.

हे करायचं म्हणजे सांगावं लागेल, हे मला कळतं. सिस्टरला आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना सगळं सांगा, एकटीनं बसून, दार लावून. आशाताईंना बाळंतपणाची तारीख आणि 'डॉक्टरांनी यवतमाळला करायला सांगितलं' एवढं कळलं तरी त्यांचं काम भागतं. कोणाच्या नळ्या बंद होत्या हे गावानं जाणून घेण्याचं कारण नाही. घरच्यांना हेही सांगा की 2021 च्या कायद्यानुसार या उपचारातून झालेलं मूल सर्वार्थानं नवराबायकोचंच असतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही. पण सांगायचं की नाही, कोणाला आणि केव्हा, हा निर्णय तुम्हा दोघांचा. तिथं सासूबाईंचाही नंबर नंतर लागतो.

आता लाल स्टिकर. सिस्टरचं काही चुकलं नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला जी डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते (2016 पासून चालू आहे), तिथं ज्या बाईकडे थोडं जास्त लक्ष द्यायचं तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागतं. आमच्याकडे त्याला 'अतिजोखमीची माता' म्हणतात आणि ते ऐकून अर्धं घर रडायला लागतं. टेस्ट ट्यूबच्या गरोदरपणात चार गोष्टी इतरांपेक्षा जास्त दिसतात, हे खरं आहे : बीपी वाढणं, वार (बाळाला रक्त पुरवते ती) खाली, पिशवीच्या तोंडाशी असणं, साखर वाढणं आणि दिवस भरायच्या आत बाळंतपण होणं. पण त्यातला मोठा वाटा टेस्ट ट्यूबचा नसतो, ज्या कारणानं टेस्ट ट्यूब करावं लागलं त्याचा आणि पोटात किती बाळं आहेत त्याचा असतो. बाईचं वय चाळिशीपुढं, पीसीओडी (अंडं वेळेवर न फुटण्याचा आजार), लठ्ठपणा, पिशवीत गाठी, आणि सगळ्यात मोठं म्हणजे जुळी. तुमच्याकडे यातलं काय आहे? वय 34. बंद नळ्या, म्हणजे बिघाड रस्त्यात होता, पिशवीत नाही. एकच भ्रूण, एकच बाळ. वार वर आहे, म्हणजे एक भीती तर आजच कमी झाली.

उरतं ते बीपी. पहिलटकरीण आहात, आणि गोठवलेलं भ्रूण गोळ्यांवर अस्तर तयार करून सोडलंय. अशा वेळी त्या महिन्यात अंडं फुटत नाही, त्यामुळे अंडं फुटल्यावर अंडाशयात जी पिवळी गाठ तयार होते ती नसते. त्या गाठीतून निघणारी द्रव्यं आईच्या रक्तवाहिन्यांना गरोदरपणाची सवय लावतात, आणि ती नसल्यानं पुढं बीपी वाढत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणूनच नागपूरवाल्यांनी ॲस्पिरिन दिली आहे. ती तुमच्या हृदयासाठी नाही, वारेतला रक्तपुरवठा नीट राहावा म्हणून आहे. ज्यांना बीपीचा धोका आहे त्यांना ही छोट्या मात्रेतली गोळी बाराव्या आठवड्यापासून देतात आणि बहुधा 36 आठवड्यांपर्यंत चालवतात. अंगावर रक्त जायला लागलं किंवा पोटात आग पडायला लागली तर डॉक्टरांना विचारा, नाहीतर चालू ठेवा. मेडिकलवाल्यानं गोळी मोजून द्यावी, सल्ला देऊ नये. (आमच्या तालुक्यात काउंटरवरच्या पोराला लोक डॉक्टर म्हणतात आणि मला 'मॅडम'. पण ते जाऊ द्या.)

ज्या बाईला जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ झालं, त्या लेस्ली ब्राऊनच्याही दोन्ही नळ्या बंदच होत्या, आणि तिचीही नऊ वर्षं वाट पाहण्यात गेली होती. 25 जुलै 1978 ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला तिची मुलगी लुईस जन्मली. शेवटी तिचं बीपी वाढलं होतं आणि सिझर करावं लागलं. म्हणजे ज्याची भीती ती गोष्ट पहिल्याच केसमध्ये झाली, वेळेवर कळली, आणि मायलेकी दोघी सुखरूप घरी गेल्या. त्या लुईसला 2006 साली स्वतःचं मूल झालं, तेही कोणत्या उपचाराशिवाय. ही गोष्ट सासूबाईंना मुद्दाम सांगा. टेस्ट ट्यूबचं लेकरू कच्चं असतं, अशी शंका त्यांच्या मनात असेलच. विचारत नसतील, एवढंच.

खाटेवर पडून राहण्याचा मात्र काही उपयोग नाही. भ्रूण पिशवीच्या अस्तरात रुजलेलं असतं, चाललं की सुटून पडेल असं ते वर ठेवलेलं नसतं. पडून राहिल्यानं दिवस भरतात, असं कुठल्या अभ्यासात दिसलेलं नाही. उलट गरोदरपणात रक्त तसंही लवकर गोठतं, त्यात बाई महिनोन् महिने आडवी राहिली तर पायाच्या शिरेत गाठ होण्याचा धोका वाढतो, अंगातली ताकद जाते, आणि मन तर जातंच. सकाळ-संध्याकाळ चाला. स्वयंपाक करा. पाण्याचे हंडे, कापसाची गाठोडी उचलू नका. तुमचा सातवा-आठवा महिना आपल्याकडच्या मे-जूनमध्ये येतोय, तेव्हा दुपारी बाहेर पडू नका आणि पाणी, ताक भरपूर प्या. लघवी पिवळीधम्मक होऊ देऊ नका. पेरणी झाल्यावर फवारणी सुरू झाली की शेताकडे फिरकू नका, नवऱ्याचे फवारणीचे कपडेही धुऊ नका. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

एचबी 10.8 आहे ते 11 च्या वर न्यायचं. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका, एक सकाळी, एक रात्री. दोन्ही उपकेंद्रात फुकट मिळतात. सिकलसेलची (आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची) तपासणी नागपूरला झाली नसेल तर इथं करून घ्या, विदर्भात ती दोघांनीही करावी. सहाव्या महिन्यात 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पुन्हा बघायची. 140 च्या आत हवी, आधीची बरोबर आली होती तरी. बीपी 24 आठवड्यांनंतर दर पंधरा दिवसांनी उपकेंद्रात मोजा. 140/90 दिसलं तर पुढच्या 9 तारखेची वाट पाहायची नाही. कपाळ ठणकणं, डोळ्यांपुढं अंधारी किंवा काजवे, छातीच्या खाली दुखणं, तोंडावर सूज, बाळ कमी फिरणं, अंगावर जाणं, पाणी जाणं : यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, 108 ला फोन करा.

नागपूरला खोली करायची गरज नाही. मात्र उपकेंद्रात किंवा आरोग्य केंद्रातही बाळंतपण करू नका. रक्तपेढी, भूल देणारे डॉक्टर आणि नवजात बाळांचा कक्ष एका छताखाली असेल अशी जागा हवी. यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज तुमच्यापासून तासाभरावर आहे, आणि बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, गाडी हे सगळं 2011 पासूनच्या योजनेत तिथं मोफत आहे. उपचार खासगीत केले म्हणून हा हक्क जात नाही. सातव्या महिन्यात एकदा तिथं जाऊन नाव नोंदवा. तुमची तारीख ऐन पावसाळ्यातली आहे. तुमच्या गावाचा रस्ता नाल्यावरून जात असेल तर जुलैच्या मध्यापासून यवतमाळला नातेवाइकाकडे राहा. चार महिने नाही, तीन-चार आठवडे.

आणि सिझर? टेस्ट ट्यूब हे सिझरचं कारण नाही. वार खाली असणं, बाळ आडवं असणं, बीपी आटोक्यात न येणं, ठोके कमी होणं, ही कारणं आहेत. यांपैकी काही नसेल आणि तरी कोणी 'एवढ्या वर्षांनी राहिलंय, रिस्क कशाला' म्हणून तारीख देत असेल, तर कारण विचारा. विचारल्याचा राग येणारे डॉक्टर थोडेच असतात.

प्रश्न : मॅडम, बायकोचं वय 41. दात्याचं अंडं घेऊन टेस्ट ट्यूब केलं, जुळी आहेत, चौदावा आठवडा चालू आहे. अकोल्याचे डॉक्टर दर पंधरा दिवसांनी बोलावतात. गाडीचं भाडं, सोनोग्राफी, परवडत नाही. गावातले म्हणतात आता टेस्ट ट्यूब कॉमन झालं, नवव्या महिन्यात न्या. पैसे काढायचं काम आहे का हे?
– मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : नाही, भाऊ. वरच्या ताईंना मी उठून चाला म्हटलं ते वाचून तुम्ही निश्चिंत होऊ नका. चाळिशीपुढचं वय, दात्याचं अंडं आणि जुळी, या तिन्हींनी बीपीचा धोका वाढतो, आणि तुमच्याकडे तिन्ही एकत्र आहेत. टेस्ट ट्यूब नसतं तरी हे बाळंतपण जोखमीचंच म्हटलं असतं. जुळ्यांत नवव्या महिन्याची वाट पाहायचीच नसते. बरीच जुळी त्याआधी येतात.

भाड्याचं मात्र बघता येईल. पहिल्या सोनोग्राफीच्या कागदावर डीसीडीए लिहिलंय की एमसीडीए, ते पाहा. डीसीडीए म्हणजे दोघांची वार वेगळी. तसं असेल तर सोनोग्राफी चार आठवड्यांनी चालते, आणि मधलं बीपी, लघवीची तपासणी मेहकरला करता येईल का, हे अकोल्याच्या डॉक्टरांना सरळ विचारा. एमसीडीए म्हणजे एकच वार दोघांत. त्यात एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जाऊ शकतं, ते सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफीतच कळतं. मग एकही फेरी चुकवू नका. ॲस्पिरिन दिली नसेल तर याच आठवड्यात विचारा, सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झालेली बरी.

वेगळ्या वारेची जुळी साधारण 37 आठवड्यांना, एका वारेची 36 च्या आसपास बाहेर घेतात. जुळ्यांनंतर पिशवी लवकर आवळत नाही आणि रक्तस्राव जास्त होतो, म्हणून बायकोचा रक्तगट आजच पाठ करा आणि रक्त देणारे दोन भाऊबंद आतापासून सांगून ठेवा. रात्री दोन वाजता मेहकरहून अकोल्याला कोण येईल, हे तेव्हा शोधत बसू नका.