हंसाची अंडी इन्क्युबेटरमध्ये ठेवताना

कोंबडीच्या अंड्यांचं वेळापत्रक हंसाला लावू नका. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ अंश सेल्सियस ठेवा, अंडी आडवी ठेवून दिवसातून ४-५ वेळा फिरवा. आठव्या दिवसापासून रोज १०-१५ मिनिटं गार करून कोमट पाण्याचा फवारा मारा.

खरी पिल्लं जातात ती शेवटच्या आठवड्यात. त्याआधीच्या दिवसांत आर्द्रता जास्त असली की अंड्यातलं पाणी पुरेसं उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते, पिल्लू कवचातच गुदमरतं. म्हणून अंडी तोलाच: १६० ग्रॅमचं अंडं २७व्या दिवशी साधारण १३८ वर यायला हवं. वजन कमी घटत असेल तर पाण्याचं भांडं काढा.

२८व्या दिवसापासून फिरवणं बंद, आर्द्रता ७५ टक्के. कवचाला भोक पडल्यावर पिल्लू घाईने ओढू नका, रक्तवाहिन्या फुटतात.