चाकाच्या खुर्चीवर बसून लाकडी लेथ चालवता येतो का?

तुम्ही विचारले आहे की, झाडावरून पडल्यामुळे तुमच्या धाकट्या भावाच्या कमरेखालची शक्ती गेली आहे, पण हात धडधाकट आहेत. त्याला लाकडी कातकाम, म्हणजे लेथ या यंत्रावर लाकूड फिरवून पटाशीने आकार देण्याचे काम, शिकवावे असे घरात चालले आहे, मात्र ओळखीच्या एका सुताराने ‘लेथ उभ्यानेच चालवायचा असतो’ असे सांगून तुम्हाला परत पाठवले. तेव्हा त्याला हे काम जमेल का, आणि जमणार असेल तर लेथ कोणता घ्यावा?

जमेल. त्या सुताराचे वाक्य वाचूनच हे उत्तर लिहायला बसले, कारण नेमके तेच वाक्य मी सतराव्या वर्षी माझ्या सख्ख्या मामांच्या तोंडून ऐकले होते, आणि ते चुकीचे आहे हे मला त्यांच्या हयातीत त्यांना पटवून देता आले नाही.

मी खानापूर तालुक्यातली. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि डाव्या पायाला आयुष्यभराचे कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा आधाराचा साचा, लागले. मामांचा बेळगावात शहापूर भागात कारखाना होता. कारखाना म्हणजे दोन लेथ, एक करवतीचे यंत्र आणि पुढच्या बाजूला विक्रीची फळी. लाटणी, रव्या, पाळण्याचे दांडे, देव्हाऱ्याचे खांब असा माल तिथे निघत असे. दहावीनंतर पुढचे शिक्षण थांबले, तेव्हा आईने मला त्यांच्याकडे ठेवले. माझ्या वाट्याला काचपेपर मारणे आणि लाख चढवणे ही कामे आली. फिरत्या लाटण्यावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि रंग धरते, मग त्यावर केवड्याचे पान दाबून धरायचे म्हणजे चकाकी येते. ते काम मी मन लावून केले, पण माझी नजर कायम गोल पटाशीवर असायची. मी मागितली की मामा म्हणत, ‘तुला कशाला पायजे गं ते? लेथ उभ्यानं चालवायची गोष्ट हाय. तू घास की नुसतं.’

एका रविवारी मामा लग्नाला गेले होते. कामावरचा गडी बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा, माझ्याच वयाचा होता. त्याने शिवणीच्या लाकडाचा तुकडा लेथवर चढवला, पटाशी माझ्या हातात दिली आणि शेजारी उभा राहून ‘निधान, अक्का, निधान’ असे म्हणत राहिला. निधान म्हणजे सावकाश. पहिली दहा मिनिटे जी ढलपी निघाली तिचा वास मला आजही आठवतो. मग पटाशीचे टोक लाकडात अडकले, हाताला हिसका बसला, तुकडा सुटून माझ्या कपाळावर आदळला आणि मी कॅलिपरसकट मागे कोसळले. तीन टाके पडले. संध्याकाळी मामांनी ते टाके पाहिले आणि गड्याला व मला मिळून एवढेच सांगितले, ‘म्हटलं हुतं न्हवं.’ त्यानंतर मी दोन वर्षे लेथला हात लावला नाही, आणि दोष माझ्या पायाचा आहे असे मीही मानून चालले.

दोष पायाचा नव्हता. लेथचा मधला आस, म्हणजे लाकूड ज्या रेषेवर फिरते ती रेषा, काम करणाऱ्याच्या कोपराच्या उंचीला असावी लागते, हे या धंद्यातले साधे गणित आहे. मामा सहा फूट उंच, आणि लेथचा कट्टा त्यांच्या मापाचा. मी चार फूट दहा इंच, त्यातही एका अंगाला कललेली. माझे कोपर त्या आसापेक्षा वीतभर खाली होते. एवढ्या खालून वर पटाशी लावली की हातांचा तिच्यावर ताबा राहत नाही आणि हत्यार अडकते. त्या कट्ट्यापाशी माझ्या उंचीचा धडधाकट मुलगा उभा केला असता तरी त्याच्या कपाळाला टाके पडले असते.

हे मला कळले ते आजीमुळे. दिवाळीत गावी गेले असताना तिने माळ्यावरून एक जुने धूड खाली काढायला लावले. दोन बुटके लाकडी खुंट, त्यांत समोरासमोर बसवलेली लोखंडी टोके, आणि सोबत एक धनुकली. हा आजोबांचा हातलेथ. माझे आजोबा, म्हणजे मामांचे स्वतःचे वडील, आयुष्यभर जमिनीवर बसून कातले. दोरीचा एक वेढा लाकडाला द्यायचा, उजव्या हाताने धनुकली मागेपुढे ओढायची, डाव्या हातात पटाशी धरायची आणि पायाच्या बोटांनी तिचे पाते स्थिर ठेवायचे. लाकूड आपल्याकडे फिरते तेव्हाच धार लावायची, उलट फिरताना किंचित मागे घ्यायची. माझा उजवा पाय चांगला होता. आजीने जात्याशेजारी तरट अंथरले आणि मी चार दिवस बसून एक भोवरा कातला. तो ओबडधोबड झाला, पण फिरला.

उभे राहून कातणे ही आपल्याकडे मोटार आल्यानंतरची सवय आहे. लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या हातलेथावर जमिनीवर बसूनच काम केले. (आमच्या जिल्ह्यातल्या गोकाकच्या खेळण्यांचे उदाहरण लोक यात हमखास देतात, पण ती कोरलेली असतात, कातलेली नव्हेत.) ज्या घरात आजोबा बसून कातत होते, त्याच घरात नातीला ‘हे उभ्याचे काम आहे’ असे सांगितले गेले, याचा राग मला अजून आहे. मामा वाईट नव्हते. त्यांनी मला पोसले. पण कट्टा चार लाकडी ठोकळ्यांवर उभा होता आणि ते ठोकळे कापायला पाऊण तास पुरला असता. तो पाऊण तास कोणी दिला नाही.

आता तुमच्या भावाचे पाहू. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या प्रौढ माणसाचे कोपर जमिनीपासून साधारण २७ ते २९ इंचांवर येते, आणि मांड्या टेबलाखाली जायला जवळपास तेवढीच मोकळी जागा लागते. टेबलावर ठेवायच्या लहान लेथचा मधला आस लेथच्या तळापासून १० ते १२ इंच वर असतो. म्हणजे नेहमीच्या टेबलावर लेथ ठेवला की आस कोपरापेक्षा वीतभर वर जातो आणि माझ्या कपाळाचे झाले तेच होते. म्हणून लेथ टेबलावर ठेवायचाच नाही. लोखंडी अँगलची चौकट भिंतीत पक्की करून लेथ तिच्यावर पुढे कलता बसवायचा. मग त्याचा बेड, म्हणजे लेथचा खालचा लांब पाया, मागे राहतो, आस पुढे आणि खाली येतो आणि गुडघे त्याच्या खाली मोकळे जातात. अमेरिकेतल्या रोबस्ट कंपनीचा ‘इंडिपेंडन्स’ हा लेथ खास बसून काम करणाऱ्यांसाठी आहे, पण तो मागवण्याच्या भानगडीत पडू नका. अशी चौकट बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतला कोणताही चांगला फॅब्रिकेटर (लोखंडी जोडकाम करणारा) जोडून देईल, फक्त भावाला खुर्चीसकट तिथे न्या आणि माप त्याच्या अंगावर घ्या. फॅब्रिकेटरच्या अंगावर घेतलेले माप चालणार नाही.

खुर्चीचे हात काढता येणारे हवेत, नाहीतर पटाशीची मूठ त्यांना अडते. मूठही आखूड करून घ्या. खुर्चीला नुसता ब्रेक पुरत नाही, चाकांमागे लाकडी पाचर लावा, कारण पटाशी पुढे दाबली की खुर्ची मागे सरकते. उभा माणूस कातताना कमरेतून आणि गुडघ्यांतून झुलतो. बसलेल्याला ते झुलणे मिळत नाही, म्हणून सुरुवात मोठ्या वाडग्यांनी न करता भोवरे, खुंट्या, रवीची फुले अशा वीतभराच्या आतल्या वस्तूंनी करावी. पाते बदलता येणारी कार्बाईडची हत्यारे आडवी सपाट धरून खरवडायची असतात, त्यामुळे ती शिकायला सोपी जातात. जुने कातारी त्यांना नाके मुरडतात, तिकडे लक्ष देऊ नका.

केवळ पायांच्या अपंगत्वाचा हा विषय नाही, हेही सांगते. इंग्लंडमधले ख्रिस फिशर पूर्ण दृष्टी गेल्यानंतर कातकाम शिकले आणि आज ते व्यावसायिक कातारी म्हणून ओळखले जातात. ज्याला ऐकू येत नाही त्याला धार बोथट झाल्याचा आवाज कळणार नाही, पण टूल रेस्टवर, म्हणजे पटाशी टेकवायच्या आडव्या पट्टीवर, टेकलेल्या बोटांना थरथर कळते. फक्त ज्याला फिट्स येतात त्याने चालत्या लेथजवळ जाऊ नये, यात माझे मत बदलणार नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालच्या बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो, तेव्हा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, आधी काढून घ्या. कारागिरांसाठीच्या केंद्र सरकारच्या पीएम विश्वकर्मा योजनेत अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. तिच्या १८ व्यवसायांत कातारी असा वेगळा व्यवसाय नाही. सुतार किंवा खेळणी बनवणारा म्हणून अर्ज करावा लागतो, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. अर्ज भरताना कन्नड नीट वाचणारे कोणी सोबत घ्या.

काही गोष्टी सुरुवातीलाच सांगायला हव्या होत्या. लाकूड सुटले तर उभा माणूस बाजूला उडी मारतो, तुमचा भाऊ मारू शकणार नाही. म्हणून तोंडावर पूर्ण शील्ड हवे, वेग नेहमी सगळ्यांत खालचा ठेवून सुरुवात करायची, आणि बटण दाबताना खुर्ची लाकडाच्या अगदी समोर न ठेवता किंचित बाजूला घ्यायची. बंद करायचे बटण फिरत्या लाकडावरून हात न नेता पोहोचेल असे हवे, आणि ते असे हवे की वीज जाऊन परत आली तरी लेथ आपोआप सुरू होणार नाही. आपल्याकडे ही गोष्ट रोजची आहे. पटाशी हाताला पट्ट्याने बांधू नका, अडकली तर ती हातातून सुटलीच पाहिजे.

आणि त्याच्या मांड्यांना संवेदना नसेल तर जाड चामड्याचा एप्रन गुडघ्यांच्या खालपर्यंत यायला हवा, कारण हातातून निसटलेली पटाशी मांडीत रुतली तरी त्याला कळणार नाही, रक्त दिसेपर्यंत. काम संपल्यावर रोज कोणीतरी त्याचे पाय पाहावेत. कातताना माणूस तासन्‌तास हलत नाही आणि बैठकीच्या जागी जखमा होतात. चांगली गादी घ्या आणि दर १५-२० मिनिटांनी त्याने हातांवर भार देऊन अंग उचलायचे, हे पहिल्या दिवसापासून ठरवून टाका. माप घेतलेत की कोपराची आणि मांडीची उंची इथे खाली लिहा. चौकटीचा कल किती ठेवायचा ते मी काढून देते.